जुन्या गाडीचा गोंगाट

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या एका हितचिंतक गृहस्थांनीं जुनी डिझेल गाडी विकत घेऊन तींत निजावयाचीं दोन बांकें, एक लहानसा ओटा व पाण्याची टांकी बसविली, आणि तिला फिरत्या घराचें रूप दिलें. अशा घरांतून लोकांनीं प्रवास करावा म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र धोरणही केलें आहे. तेव्हां त्यांची हौस अगदींच जगावेगळी नव्हे. तीच गाडी त्यांनीं मोठ्या औदार्यानें आमच्या मुलांस नाशिकच्या सहलीकरितां दिली.

जव्हारहून मोखाडा, पुढें त्र्यंबकेश्वर, असा तो रस्ता. चढ लागतांच इंजिनाची घरघर, पत्र्याची थरथर व खिडक्यांचा खडखडाट यांनीं असा कल्लोळ मांडिला कीं, शेजारच्याचें बोलणेंही ऐकूं येईना. एका वळणावर मागील दाराची कडी निसटली. तेथें बसलेला पांचवीचा मुलगा जीव तोडून ओरडत होता. परंतु पुढें बसलेल्या मला व चालकास त्यांतील एक शब्दही कळला नाहीं. मुलांनीं एकमेकांस हलवीत हलवीत निरोप पुढें पोंचविला, तेव्हां गाडी थांबली. मागें रस्त्यावर एक पिशवी पडली होती. पिशवीच्या जागीं मूल असतें तर, हा विचार अजून माझ्या मनांतून जात नाहीं.

म्हणूनच, जुन्या गाडीचा आवाज कमी करण्यांत पैसा घालणें ही चैन होय, असें जें कांहीं पालक म्हणाले तें मला मान्य नाहीं. पडदे व रंग मागाहून झाले तरी चालतील. आधीं कड्या, दारांचे झिजलेले रबर, सैल झालेले खिळे व फुटका धुराडा हीं दुरुस्त व्हावींत. निम्मा गोंगाट दुरुस्तीच्या आळसांतून उत्पन्न होतो, आणि त्यावर महाग लेप चढविणें म्हणजे मळक्या अंगावर अत्तर लावणें होय.

राहिलेल्या आवाजाचें कारण विद्यार्थ्यांस शाळेच्या घंटेवरून समजेल. टोल पडतांच तिला हात लावा. नाद तत्काळ थांबतो. गाडीचा उघडा पत्रा ही तशीच घंटा आहे. अॅल्युमिनियमचा पापुद्रा लावलेले ब्युटिल रबराचे चिकट तक्ते मिळतात, ते त्या हाताचें काम करितात. पत्र्याचें कंपन रबराच्या पोटांत घर्षणानें उष्णतारूप होऊन जिरतें. सगळा पत्रा मढविण्याचें कारण नाहीं. प्रत्येक पत्र्याच्या मधला चौथा हिस्सा ते निम्मा भाग झांकला तरी बहुतेक काम होतें. चालकाच्या बाजूस असलेल्या इंजिनाच्या झांकणावर व तळावर मात्र जड रबराचा थर हवा, कारण बाहेरचा आवाज अडविण्यास वजन लागतें. वजन दुप्पट केलें तर सुमारें ६ डेसिबल कमी होतात, आणि १० कमी झाले म्हणजे कानास आवाज निम्मा वाटतो. यावरून संपूर्ण शांततेचा हट्ट किती महाग पडेल हें सहज ध्यानांत येईल.

आपल्याकडील पाड्यांवर गवती छपराखालीं पाऊस कुजबुजतो, आणि पत्र्याच्या वर्गांत तोच पाऊस शिक्षकाचें तोंड बंद करितो. पण म्हणून गाडीच्या पत्र्यामागें काथ्या, कापूस किंवा जुन्या गोधड्या कोंबूं नयेत. जव्हारच्या चार महिन्यांच्या पावसांत त्या ओल धरतात व पत्रा आंतून गंजतो. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्यावा; दाराच्या तळाशीं पाणी वाहून जाण्याकरितां ठेवलेलीं भोकें बुजवूं नयेत. गच्चीवर लावावयाचें डांबरी कापड स्वस्त खरें, पण वैशाखांत तें मऊ होऊन सुटतें व त्याची घाण येते. अंड्यांच्या तबकडीसारखा फोम छतास लावण्याची टूम तर मला मुळींच पसंत नाहीं. त्यानें आंतील घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाहीं, आणि साधा फोम असला तर ठिणगी पडतांच पेटतो.

आणखी एक. फटी बुजल्या म्हणजे आवाजाबरोबर हवाही बंद होते. गाडींत निजणारांनीं झरोका उघडा ठेवावा, इंजिन किंवा शेगडी चालूं ठेवून कधींही निजूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. घाटांत तर चालकानें आपली कांच थोडी खालींच ठेवावी, म्हणजे वळणापलीकडचा भोंगा त्यास ऐकूं येईल.

आमच्या गृहस्थांनीं कड्या बदलल्या, दारें व इंजिनाचें झांकण मढविलें. परवां मीं मागच्या बांकावर बसून साध्या आवाजांत चालकास हांक मारली, आणि त्यानें "काय गुरुजी?" म्हणून विचारलें. छप्पर मात्र अद्याप उघडेंच आहे. मृगापूर्वीं तें झालें नाहीं, तर पुढील सहल दिवाळीनंतरच न्यावी, असें मीं त्यांस सांगितलें आहे.