राखेवरची रोजी

कोराडीला २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा नागपूरचे पर्यावरणवादी आणि अनेक नागरिक सांगत होते की ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच आम्हाला नकोत. आमच्या नाशिकला उलटं आहे. एकलहरे औष्णिक केंद्राच्या परिसरात गेली कित्येक वर्षं एकच मागणी ऐकू येते, ६६० चा संच द्या. कंपनी दोन्हीकडे महानिर्मितीच. धूर तोच, राखही तीच. मग एका गावाला जे नको, तेच दुसरं गाव हट्टाने का मागतं?

आमच्याकडच्या शिकल्यासवरल्या मंडळींचं यावर उत्तर ठरलेलं असतं: लोकांना प्रदूषण कळत नाही. मीही काही वर्षं असंच समजत होतो. आता समजत नाही.

थोडा इतिहास सांगतो. एकलहरेत पाच संच होते. पहिले दोन १९७०-७१ चे, ते २०११ मध्ये कायमचे बंद झाले. उरलेले तीन प्रत्येकी २१० मेगावॉटचे, १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले. म्हणजे चाळिशी ओलांडलेले. कोळसा लांबून, रेल्वेने येतो, त्यामुळे इथली वीज महाग पडते. वीज घेताना स्वस्त आधी आणि महाग नंतर असा क्रम लावतात. त्या क्रमात नाशिक मागे पडतं आणि संच सुरू करण्याजोगे असूनही थंड ठेवले जातात. जुन्या संचांच्या बदल्यात ६६० चा नवा संच येणार, असं लोकांना सांगितलं गेलं. तसा संच भुसावळला उभा राहिला, कोराडीत तीन उभे राहिले. एकलहरेत नाही. त्यात भर म्हणजे जिल्ह्यातच सिन्नरजवळ १३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प बांधून तयार झाला आणि वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. ज्यांनी हे सगळं बघितलं आहे, त्यांना ‘बदल’ या शब्दाची धास्ती वाटली तर नवल काय?

मागच्या महिन्यात एका मित्राने विचारलं, हे केंद्र गॅसवर का नेत नाहीत? प्रश्न वावगा नव्हता. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबई-नागपूर गॅसवाहिनी टाकली गेली आहे, शहरात पाइपने गॅस आला आहे. गॅस जाळला की राख उरत नाही, गंधकाचा धूर जवळपास नसतो, कार्बनही कोळशाच्या निम्म्याच्या आसपास. मला वाटलं, याला कोण विरोध करेल?

विरोध केला आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी. ते हायप्रेशर वेल्डर. बॉयलरची ट्यूब लीक झाली की रात्री दोनला त्यांना फोन यायचा. ठेकेदार बदलत गेले, चाचा तेच राहिले. ओव्हरहॉलिंगच्या हंगामात परळी, चंद्रपूर, भुसावळ असे फिरायचे. त्यांना मी गॅसचं सांगितलं. ते हसले.

“बेटा, मी उरणला गेलोय कामाला. साफसूफ केंद्र. वॅगन नाही, क्रशर नाही, मिल नाही, राख नाही. आत माणूसच दिसत नाही. मग आम्ही कशाला लागतो तिथे?”

आपल्या चर्चांमधून हेच वाक्य गळतं. कोळशाच्या केंद्रात जे जे घाणेरडं, त्या प्रत्येक ठिकाणी एक कंत्राटी माणूस उभा आहे. ढोबळ हिशेब करा. २१० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचा तर तीन ते साडेतीन हजार टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त राख. म्हणजे एका संचाची रोज हजार टनांवर राख. ती उपसणारा, बंधाऱ्यावर पाइप बदलणारा, बल्कर चालवणारा, विटा पाडणारा, बेल्टखाली सांडलेला कोळसा फावड्याने भरणारा, ट्यूब जोडणारा आणि शेवटी भंगार उचलणारा. केंद्र जितकं घाण, तितके हात जास्त. आणि हे हात पगारी नोकरांचे नसतात. कायम कामगाराची बदली होते, क्वार्टर मिळतं. त्याच्या संघटना आहेत, त्या मोर्चा काढतात, आणि त्यांनी काढावाच. कंत्राटी माणसाचं नाव मात्र ठेकेदाराच्या वहीत असतं आणि ठेका संपला की वही जाते.

म्हणून जो राख खातो तोच राखेच्या बाजूने उभा राहतो. याला अडाणीपणा म्हणणं मला आता जमत नाही.

गॅसबद्दलचा अविश्वासही हवेतला नाही. उरणचं केंद्र ६७२ मेगावॉटचं, पण गॅस पुरेसा मिळत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा कमी चालत आलं. दाभोळची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. एन्रॉनच्या काळात १९९७ मध्ये गुहागर तालुक्यातल्या आंदोलकांनी लाठ्या खाल्ल्या, अटका सोसल्या. १९९९ मध्ये केंद्र नाफ्थ्यावर सुरू झालं, २००१ मध्ये बंद पडलं. पुढे रत्नागिरी गॅस नावाने सरकारी कंपन्यांनी ते उभं केलं, तर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला. देशात हजारो मेगावॉटची गॅसकेंद्रं आहेत आणि त्यातली बरीचशी गॅस महाग म्हणून थंड असतात. युक्रेनच्या युद्धानंतर, २०२२ मध्ये, आयात गॅसचे भाव असे भडकले की विजेसाठी तो परवडेना. त्यात जुन्या बॉयलरला नुसते गॅसचे बर्नर लावले, तर नव्या गॅस टर्बाइनच्या मानाने इंधन फार जास्त लागतं. महाग इंधन असं उधळायचं आणि बिल कोणी भरायचं? मालेगावच्या लूमवाल्याला विचारा. वीज कोळशाची की गॅसची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. युनिटचा दर वाढला की त्याची रात्रपाळी बंद होते.

तर गॅस नको, या मतापर्यंत मी चाचांमुळे आलो. पण ६६० चा कोळसा संच हवा, या त्यांच्या मागणीला मी मान हलवू शकत नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. एकलहरेला कोळसा कालही लांबून येत होता, उद्याही लांबूनच येणार. नवा संच कमी कोळशात जास्त वीज देईल, पण मालगाडीचं भाडं तेच राहील. २०११ मध्ये या मागणीत अर्थ होता. आज सौरवीज दिवसा स्वस्त मिळते, तेव्हा चाळीस वर्षांसाठी नवा बॉयलर कोण बांधेल? जी गोष्ट येणार नाही तिच्या मागणीत दहा-बारा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात कंत्राटी कामगारांची साधी यादीसुद्धा झाली नाही. मला याचा राग जास्त आहे. मोठी जमीन आहे, नदीचं पाणी आहे, वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या आणि उपकेंद्र तयार आहे. सौर आणि बॅटरीसाठी एवढं बहुतेक ठिकाणी आयतं मिळत नाही. सौरमध्येही हात कमीच लागतात, हे चाचा लगेच म्हणाले, आणि ते खरं आहे. पण राखेचे बंधारे साफ करणं, जमीन पूर्ववत करणं, जुने संच सुरक्षित उतरवणं, हे कित्येक वर्षांचं काम आहे. ते आधी याच माणसांना मिळेल, असं लेखी मागता येतं. लेखी मागण्यासाठी नावं लागतात.

इथे आपल्याबद्दल थोडं बोलू द्या. घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही हदीस आपल्या प्रत्येक जलशात ऐकायला मिळते. पण वेल्डर, गॅसकटर, बल्करचे ड्रायव्हर, भंगारवाले यांच्यात आपली पोरं इतकी असूनही आपल्या कुठल्या जमातीने, कुठल्या कमिटीने एकलहरेवर निवेदन दिल्याचं मी पाहिलं नाही. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण महापालिकेत दहा चकरा मारतो. माराव्यात. वीज, कोळसा, राख हे मात्र ‘त्यांचं’ राजकारण आहे असं आपण कधी ठरवून टाकलं, कोण जाणे. मोर्चात गेलं की कोणत्या पक्षाचा शिक्का बसेल ही भीतीही आहे. ती मी नाकारत नाही.

निघताना मी चाचांना विचारलं, तिथे काम केल्याचा काही कागद आहे का? त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत गेटपास होते, चौदा. फोटोत चाचांची दाढी काळी होती ती पांढरी होत गेलेली, आणि ठेकेदारांची नावं आठ वेगवेगळी. दोनांवरची शाई उडाली होती. आम्ही त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. नाशिकरोड, देवळालीगाव, सामनगाव रोड या भागात ज्यांच्या घरी असे पास, हजेरी कार्ड किंवा पीएफच्या चिठ्ठ्या पडून असतील, त्यांनी त्या फेकू नयेत. जुम्याच्या नमाजनंतर मी आणि चाचा वही घेऊन बसणार आहोत.