दलदलींतील हरणाची शिकार आणि पिकाची राखण

आवणांतील कोंब हिरवे दिसूं लागले कीं डोंगराच्या पायथ्याशीं शेतें असलेल्या बांधवांचें एकच गाऱ्हाणें आमच्या कानीं येतें. रात्रीं हरणें उतरतात आणि सकाळीं वाफा बोडका दिसतो. त्या गाऱ्हाण्यामागोमाग प्रश्नहि ठरलेला असतो : "महसूल खात्यांत तुमचें आयुष्य गेलें, गांवोगांवच्या जुन्या शिकाऱ्यांशीं तुमची बैठक होती, तर पाणथळ जागीं हरीण कसें गांठावें तें सांगा." ह्या प्रश्नाचें उत्तर आज आम्ही न लपवितां देणार आहों. तें वाचून झाल्यावर बंदुकीपेक्षां बांधाकडे आमच्या बांधवांचें लक्ष वळावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम जागा पाहूं. साष्टी बेटाच्या मध्यभागीं बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जें डोंगराळ रान पसरलें आहे, त्यांत मुंबईच्या पाण्यासाठीं विहार तलाव १८६० सालीं व तुळशी तलाव १८७९ सालीं पुरा झाला. हें रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें असून त्याचें क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. चितळ, सांबर, भेकर आणि इवलीशी पिसोरी हे प्राणी येथें नांदतात. थंडी सरल्यावर तलावांचें पाणी मागें हटूं लागतें आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर कोंवळें गवत उगवतें. त्यावर चितळांचे कळप येतात. मुलुंड व घाटकोपर यांच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीचें खाजण आहे खरें. परंतु डोंगर आणि खाडी यांमध्यें आगगाडीचे रूळ, हमरस्ते व घरांची दाटी झाल्यामुळें हरणांची तिकडील वाट मोडली आहे. म्हणून आमच्या ह्या भागांत हरीण आणि दलदल यांची गांठ पडते ती तलावांच्या कांठीं, ओढ्यांच्या पाणथळींत आणि डोंगरालगतच्या पाड्यांवरील भातखाचरांत. साष्टीबाहेर ज्या बांधवांचीं शेतें रानाला लागून आहेत, त्यांसहि पुढील विवेचन बहुतांशीं लागू पडेल.

आतां जुन्या शिकाऱ्यांची रीत. चितळाचा खूर लहान व अरुंद असतो. खोल चिखलांत तो रुतत असल्यामुळें चितळ चिखल टाळून बांधावरून, कोरड्या उंचवट्यावरून किंवा खडकाच्या जिभेवरून येतें. सांबराची गोष्ट निराळी. त्यास पाणी प्रिय. तें चिखलांत लोळतें, पाण्यांत शिरतें व उत्तम पोहतें. तथापि डोंगरांतून खालीं येतांना तेंहि मळलेली वाट सहसा सोडीत नाहीं. म्हणून शिकारी दिवसा पाणथळीभोंवतीं एक फेरी घालून ओल्या मातींतील माग वाची. रुंद ठसा सांबराचा, निमुळता चितळाचा. आणि मुख्य खुरांच्या मागें बाजूंस फांकलेल्या नख्या उमटल्या असतील तर तें डुक्कर. जेथें अनेक माग एकत्र मिळून बांधावर चढत, ती त्याची बसण्याची जागा. दुसरी गोष्ट वाऱ्याची. उघाडीच्या दिवसांत सूर्य मावळल्यावर डोंगरावरील थंड हवा उतारानें खालीं येऊं लागते. यास्तव शिकारी वाटेच्या खालच्या अंगास बसे, म्हणजे त्याचा वास वर जात नसे. तिसरी गोष्ट धीराची. पाण्यावर पाय वाजला कीं संपलें, म्हणून तो अंधार पडण्यापूर्वींच जागा धरी आणि पहाटेपर्यंत हालत नसे.

विद्या एवढीच, आणि तींतच तिचें अपयशहि आहे. गोळी वर्मीं लागली तरी हरीण पुष्कळ वेळां शंभर पावलें धांवतें. कोरड्या रानांत रक्ताचा माग काढतां येतो. पाण्यांत व चिखलांत तो क्षणांत नाहींसा होतो. रात्रीच्या वेळीं माणूस मागें गेला तर कमरेपर्यंत रुततो, आणि विहार तलावाच्या कांठीं मगरीहि आहेत. पाण्याच्या पृष्ठावर तिरपी बसलेली गोळी उसळून भलतीकडे जाते, आणि आमच्या उपनगरांत 'भलतीकडे' म्हणजे कोणाच्या तरी घराकडे. जखमी जनावर दलदलींत मरून कुजलें कीं तेंच पाणी गुरें पितात. आणि इतकें करून एक हरीण पडलें तरी कळपांतील उरलेलीं चार दिवसांनीं पुन्हा येतातच, कारण गवत व आवण होतें तेथेंच असतें.

कायद्याची बाजूहि स्पष्ट सांगितली पाहिजे. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याखालीं परवाना घेऊन ठराविक हंगामांत शिकार करतां येत असे. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला व १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची शिकारहि बंद झाली. पिकाच्या रक्षणासाठीं विवक्षित जातीच्या जनावराविषयीं परवानगी देण्याचा अधिकार ह्या अधिनियमाच्या ११ व्या कलमान्वयें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं नेमलेला अधिकारी यांजकडे आहे; शेतकऱ्यानें तो स्वतःच्या हातीं घ्यावयाचा नाहीं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत शिकार केल्यास तीन वर्षांहून कमी नाहीं व सात वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. वाफाभर रोपांसाठीं घरचा कर्ता माणूस तुरुंगांत जावा, हा व्यवहार कोणत्याहि जमाखर्चांत बसत नाहीं.

कोणी म्हणेल, हरणें काय, उदंड आहेत. पाणथळींतील हरणांविषयीं असा भरंवसा धरूं नये. मणिपुरांत लोकटक सरोवरावरील तरंगत्या गवताच्या थरांवर संगई नांवाचें हरीण राहतें. १९५१ च्या सुमारास तें नामशेष झालें असें समजलें गेलें; १९५३ सालीं तें पुन्हा आढळलें, आणि १९७५ च्या गणनेंत अवघीं १४ भरलीं. १९७७ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें म्हणून तें वांचलें. पाण्याकांठचें जनावर एका जागेस बांधलेलें असतें. ती जागा गेली कीं त्यास दुसरें घर नसतें. आमच्या साष्टींतील रान तर चोहोंबाजूंनीं शहरानें वेढलेलें आहे. शिवाय त्यांत बिबटे आहेत. त्यांचें रानांतील भक्ष्य आपण मारलें तर ते कुत्रीं व वासरें धुंडीत पाड्यांत येतील, हें सांगावयास शास्त्र नको.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें आम्हांस प्राप्त आहे. आम्ही एका कचेरींत अव्वल कारकून असतांना रानालगतच्या एका पाड्यावरील म्हाताऱ्या खातेदारानें पिकाच्या नुकसानीचा अर्ज आणून दिला. अर्जासोबत सात-बाराचा उतारा नव्हता. आम्हीं "कागद अपुरे" असा शेरा मारला व अर्ज बाजूस ठेवला. उतारा आमच्याच कचेरींत पाहतां आला असता. परंतु शेरा मारणें सोपें होतें. जवळजवळ महिना गेला. तोंवर उरलेलें पीकहि गेलें, आणि म्हाताऱ्यानें चिडून बांधावर तारेचा फांस लावला. हरीण अडकलें नाहीं. त्याचीच कालवड अडकली. रात्रभर ओढून ओढून तिचा पाय हाडापर्यंत कापला गेला होता. चौकशीच्या निमित्तानें आम्ही तेथें गेलों, तेव्हां त्यानें कोणासहि दोष दिला नाहीं. "भाऊसाहेब, त्या अर्जाचें काय झालें हो?" एवढेंच त्यानें विचारलें. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. कालवड चौथ्या दिवशीं मेली. फांस त्यानें लावला हें खरें, परंतु त्या फांसाची एक गांठ आमच्या शेऱ्याची होती, हें आम्ही आजहि विसरलों नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं शिकाऱ्याची विद्या टाकून न देतां ती राखणीस लावावी. पाणथळीभोंवतीं फेरी घालून माग पाहावे. जेथें माग एकवटून बांधावर चढतात, तेथेंच कुंपण आधीं घालावें. सर्व शेतास वेढा घालण्याचें सामर्थ्य नसेल तरी ह्या दोन-तीन तोंडांस भक्कम कुंपण घालणें बहुतेकांस झेपेल. चितळ पुरुषभर उंचीहि ओलांडून जातें. यास्तव कुंपण आठ फुटांहून कमी उंचीचें नसावें, आणि बाहेरून घायपात, सागरगोटा किंवा करवंद यांची दाट ओळ लावावी. विजेचा प्रवाह तारेंत सोडण्याचा विचारहि करूं नये. ओल्या जमिनींत तो आधीं माणसास मारील. माळा बांधावयाचा तो शिकाऱ्याच्या उलट, म्हणजे वरच्या अंगास, रानाच्या बाजूनें. तेथून माणसाचा वास शेतावरून सुटून वाया न जातां हरणांच्या वाटेवर राहतो. पश्चिम पायथ्याच्या शेतांस पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा आपोआपच साह्य करतो. माळ्यावर एकट्यानें जाऊं नये. दोघांनीं दिवा घेऊन जावें. दिवे व आवाज यांस हरणें लवकर सरावतात, म्हणून त्यांची जागा दर दोन-तीन रात्रींनीं बदलावी.

हें काम एकट्याचें नव्हे. एकानें कुंपण घातलें तर हरणें शेजाऱ्याच्या शेतांत जातात, आणि भाऊबंदकीस एक नवें कारण मिळतें. शेजारच्या खातेदारांनीं मिळून तोंडें बांधावीं व राखणीच्या पाळ्या लावाव्या. आमच्या मंडळीनें गांववार अशी व्यवस्था अंगावर घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

नुकसान झालेंच तर मागचे ठसे पुसूं देऊं नयेत. त्याच सकाळीं वनखात्यास लेखी कळवावें. हरणांनीं केलेल्या नुकसानीसहि शासनाकडून भरपाई मिळते. मात्र पंचनामा ताज्या खुणांवर होतो, आठवणींवर नव्हे. सात-बाराचा उतारा व बँकेच्या पुस्तकाची नक्कल हंगामापूर्वींच काढून ठेवावी. भरपाई तुटपुंजी असते व उशिरां येते, ही तक्रार आम्हांस मान्य आहे. ती जोरानें मांडलीच पाहिजे, आणि ती मांडतांना ज्याच्या हातीं फांस नाहीं त्याचा शब्द जड पडतो.

कचेरींत बसलेल्या आमच्या तरुण बंधूंसहि दोन शब्द. रानालगतच्या खातेदाराचा अर्ज समोर आला तर कमी असलेला कागद आधीं आपल्याच कपाटांत शोधावा. अर्ज एक दिवस पडून राहिला तर त्या रात्रीं बांधावर कोण काय लावील, हें कोणासच सांगतां येत नाहीं.