टेप यंत्र बदलेल, पण इमारतीबाहेर कोण नेईल?

रविवार, ११ डिसेंबर २००५. सकाळी सहाच्या सुमारास वॉटफर्डपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या हेमेल हेम्पस्टेडजवळ बन्सफील्डचा इंधन डेपो उडाला. भूकंपमापकांवर २.४ रिश्टरची नोंद झाली. सुट्टीची पहाट असल्याने सुदैवाने कुणी दगावले नाही. पण शेजारच्या नॉर्थगेट इन्फर्मेशन सोल्युशन्सचे मुख्यालय उद्ध्वस्त झाले. अनेक संस्थांचे पगार आणि केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयाच्या रुग्णनोंदी तिथले संगणक सांभाळत. नाताळ तोंडावर होता. काम पुन्हा उभे राहिले, ते दुसरीकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे.

आता टेप आपोआप बदलणारे यंत्र, म्हणजे ऑटोलोडर, डोळ्यांपुढे आणा. आत कप्प्यांत टेपची काडतुसे. यांत्रिक हात बारकोड वाचून हवे ते काडतूस उचलतो, ड्राइव्हमध्ये घालतो, भरले की परत ठेवतो. 'आज टेप बदलायची राहिली' हा माणसाचा जुना दोष त्याने संपवला. माझ्या मते घ्यावे असेच हे यंत्र आहे.

मात्र त्याच्यामुळे एक नवा आळस येतो. कप्पे आहेत म्हणून सगळ्या टेप आतच राहतात. मग आग लागली, पाणी शिरले, की मूळ माहिती आणि बॅकअप एकदमच जातात. शिवाय यंत्रातली टेप संगणकाच्या हुकमाने पुसताही येते. बाहेर काढून कपाटात ठेवलेल्या टेपला तो हुकूम पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका चुकीने जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे गायब झाली. वेगवेगळ्या ठिकाणच्या डिस्कवरील प्रतींनाही तीच चूक भोवली. गूगलने ती पत्रे परत आणली टेपवरूनच, कारण टेप त्या चुकीच्या आवाक्याबाहेर होत्या.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठला ऑटोलोडर? नसेल. पण फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात, हाही तसाच यांत्रिक हात आहे. इथे फोटो पुसला की बहुधा तिथेही पुसला जातो. म्हणून यंदा भारतात जाताना एक डिस्क भरून न्या आणि पुण्याला आईच्या कपाटात ठेवा. पुढच्या खेपेला ती उघडून दोन-चार फोटो खरेच दिसतात का, तेही पाहा. परत वाचता आला नाही, तर तो बॅकअप कसला?