अख्खा कार्बोरेटर कशाला?

मागच्या शनिवारी गोंदियाला घरी होतो. बाबांच्या जुन्या बाईकमधून पेट्रोल टपकत होतं. मिस्त्रीने न उघडताच निकाल दिला, "पुराच कार्बोरेटर बदलवून टाका ना भाऊ!" मंडळी, आपल्या धंद्यात यालाच "फॉरमॅट मारा" म्हणतात.

अरे, उघडून तर बघा! जुना फ्लोट म्हणजे पोकळ पितळी डबी. पेट्रोल भरलं की ती तरंगून वर येते आणि सुई वाट बंद करते. डबीला भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, ती बुडते, सुई उघडीच राहते. कानाशी हलवा, खळखळ ऐकू येते. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे भोक दाखवतात. आतलं पेट्रोल पूर्ण काढायचं (नाहीतर भडका!) आणि सोल्डरचा बारीक ठिपका द्यायचा. जास्त नको, वजन वाढलं की पातळी चुकते.

फ्लोट प्लास्टिकचा असेल तर खुशाल बदला. सुई झिजली असेल तर सुई बदला. माझा विरोध बदलण्याला नाही, न बघता बदलण्याला आहे.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, नव्या बाईकमध्ये इंजेक्शन आलं. पण आमगाव-देवरीकडे जुन्या गाड्यांवरच कित्येकांचं पोट आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. छानच! पण भोक शोधणारा हातच उरला नाही, तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

पुढच्या वेळी पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: भाऊ, फ्लोट हलवून पाहिला का?