परदेशची नोकरी आणि दिवसांचा हिशेब



परदेशी नोकरीस गेलेल्या मनुष्याचा येथील आयकराशी काही संबंध उरत नाही, अशी समजूत आपल्या गावांत रूढ आहे. व्हिसा लागला की कर सुटला, असे एजंट सांगतो आणि आपण तेच प्रमाण मानतो. ही समजूत किती महाग पडते, हे परवा आमच्याकडे आलेल्या दोन भावांमुळे आम्हांस कळून आले.

दोघेही कुवेतला एकाच कारखान्यात वेल्डर, पगारही सारखाच. थोरला २० सप्टेंबरला निघाला. धाकटा मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी थांबला आणि ५ ऑक्टोबरला गेला. आता धाकट्यास सांगण्यात आले आहे की, त्या वर्षाच्या विवरणपत्रात कुवेतचा पगार आणि तेथील बँकखाते दाखवावे लागेल. थोरल्यास मात्र तसे काही नाही. "फादर, एकाच घरात हे दोन न्याय कसे?" असे त्याने आम्हांस विचारले.

न्याय एकच आहे; फरक दिवसांचा आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला, तो कायद्याच्या दृष्टीने रहिवासी होय, आणि सामान्यतः रहिवाशाचे जगभरचे उत्पन्न हिशेबात येते. थोरल्याचे १७३ दिवस झाले, धाकट्याचे १८८. कुवेतमध्ये पगारावर आयकर नसल्यामुळे, तेथे भरलेला कर दाखवून येथे सूट मागण्याची वाटही धाकट्यास नाही. तो २८ सप्टेंबरपर्यंत निघता, तर १८१ दिवस भरते व तो अनिवासी ठरता. जाण्याचा व येण्याचा दिवस भारतातलाच धरून चालावे, हे बरे.

दुसरीही एक कसोटी आहे. वर्षात ६० दिवस आणि त्यामागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस येथे राहिल्यासही मनुष्य रहिवासी ठरतो. परंतु नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकास त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. सुट्टीवर घरी येणाऱ्यासही तीच. मात्र परदेशचे उत्पन्न वगळून ज्याचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, त्यास २०२० च्या दुरुस्तीने १२० दिवसांची मर्यादा घातली आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला. त्यातही दिवसांचा हा हिशेब कायम आहे.

गोव्याकडील अनेक घरांतील कर्ते पुरुष बोटीवर आहेत. परदेशच्या सफरीत त्यांच्या सीडीसी पुस्तिकेत बोटीवर रुजू झाल्याची व उतरल्याची जी तारीख नोंदलेली असते, तिच्यावरून दिवस वजा होतात. ही पुस्तिका घरच्या दागिन्याइतकी जपावी.

अनिवासी ठरल्याने सर्वच कर सुटतो असेही नाही. गावच्या घराचे भाडे वा येथील साध्या ठेवीवरील व्याज हे भारतातले उत्पन्न. त्यावरील कर राहतोच. उलट, बरीच वर्षे परदेशी काढून कायमचे परतणाऱ्यास कायदा थोडी उसंत देतो. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, अथवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून अधिक येथे नव्हता, त्याच्या बाहेरच्या पगारावर वा ठेवींच्या व्याजावर त्या वर्षी सामान्यतः येथे कर बसत नाही.

हा दर्जा कायमचा मिळत नाही. दरवर्षी नव्याने ठरतो. म्हणून आमची माताभगिनींस विनंती आहे की, घरात एक वही ठेवावी. घरधनी कोणत्या तारखेस गेला, कोणत्या तारखेस आला, हे तिच्यात लिहावे. पारपत्रावरील शिक्क्यांच्या व तिकिटांच्या प्रती जोडाव्यात. तिकीट काढण्यापूर्वी ती वही एकदा उघडावी आणि शंका असल्यास एजंटाला नव्हे, जाणत्या कर सल्लागारास विचारावे.

धाकट्याने आपले विवरणपत्र खरे भरावयाचे ठरविले आहे. बाप्तिस्म्यासाठी थांबल्याचा त्यास पश्चात्ताप नाही. तारखा कोणी आधी सांगितल्या नाहीत, एवढीच त्याची खंत आहे. ती खंत दुसऱ्या कोणा घरी नसावी, म्हणून हा लेखनप्रपंच.