छोट्या गावाचा संघ आणि एक घातकी फाऊल

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली आमच्या नेदरलँड्सने थ्री-बाय-थ्री बास्केटबॉलमध्ये यजमान फ्रान्सला १८-१७ हरवून सुवर्ण पटकावलं. २०२५ मध्ये एनबीएची अंतिम झुंजही ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना या छोट्या बाजारपेठांतच रंगली. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस बघत बसले! ड्राफ्ट आणि पगारमर्यादेमुळे छोट्यांना हे जमतं. पण त्यांची सगळी मदार एखाद-दुसऱ्या खेळाडूवर असते. २०१७ मध्ये उडी मारून उतरणाऱ्या कवाय लेनर्डच्या पायाखाली पाचुलियाचा पाय आला. घोटा दुखावला, आघाडीवर असलेलं सॅन अँटोनियो तो सामना हरलं, मालिकाही ०-४ गेली. मग नियम कडक झाला. श्रीमंत संघ दुसरा खेळाडू आणेल. छोट्याने कुठून आणायचा? म्हणून पंचांची कडक शिट्टी हीच छोट्यांची खरी ढाल. इथल्या हॉलमध्ये खेळणाऱ्या आपल्या पोरांनाही हे सांगायला हवं, नाही का?