सफाई कामगाराच्या मनगटावर कोणाची नजर?

नॅनो तंत्रज्ञान म्हटले की आपल्या लोकांना तो विषय प्रयोगशाळेतला वाटतो. इंग्रजी वर्तमानपत्राच्या विज्ञान पुरवणीत तो छापून यावा आणि तिथल्या वाचकांनी तो वाचावा. आपल्यापुढे अनुशेष आहे, अत्याचार आहेत, थकलेल्या शिष्यवृत्त्या आहेत, मग आपण त्यात कशाला पडायचे? पण बांधवांनो, पाळत ठेवण्याचे नवे यंत्र ज्याच्या अंगावर सर्वात आधी चढते तो माणूस त्या पुरवणीचा वाचक नसतो. तो भल्या पहाटे झाडू घेऊन हजेरी शेडवर उभा असतो.

नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी आपल्या हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ बांधले. त्यात वर्षानुवर्षे ‘ऐवजदार’ म्हणून राबणारेही होते. नवी मुंबई, चंदीगड, पंचकुला येथेही हाच प्रयोग झाला. कामगार किती वाजता आला, ठरलेल्या हद्दीत होता की नाही, किती वेळ एका जागी थांबला, हे सारे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागले. हद्दीबाहेर गेला की पगाराला कात्री. चंदीगड-पंचकुलाकडच्या घड्याळांत कॅमेरा आणि माइकही असल्यामुळे शौचालयात जातानासुद्धा धास्ती वाटते, अशा महिला कामगारांच्या तक्रारी होत्या. त्यासाठी आंदोलने झाली. प्रशासनाचे म्हणणे असे की, यामुळे बोगस हजेरी थांबते. ते अगदीच खोटे नाही. नावे एकाची, काम दुसऱ्याचे आणि पगारातला वाटा तिसऱ्याचा, हा धंदा अनेक महापालिकांत चालत आला आहे. पण बोगस हजेरीचा मलिदा झाडूवाली बाई खाते काय? तो वर जातो. मग घड्याळ वरच्या मनगटांवर का नाही? फाईल टेबलावर किती दिवस पडून राहिली, साहेब दुपारी कुठे होते, हे मोजणारे यंत्र कोणत्याही टेंडरमध्ये आल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

आता हे घड्याळ दिसते तरी. ते काढून टेबलावर ठेवता येते, त्याच्या विरोधात मोर्चा काढता येतो. प्रश्न उद्याचा आहे. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. त्या मापात काम करू लागले की यंत्र लहान होते, स्वस्त होते, वीज कमी खाते आणि मुख्य म्हणजे डोळ्यांना दिसेनासे होते. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात 1990च्या दशकाच्या अखेरीस ‘स्मार्ट डस्ट’ म्हणजे हुशार धुळीची कल्पना पुढे आली. कणाएवढी यंत्रे पसरायची आणि त्यांनी आसपासची माहिती गोळा करून पाठवायची. त्या संशोधनाला पैसा होता अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संस्थेचा. याच बर्कलेत 2016 मध्ये मनगटावर बांधायचा एक पट्टा तयार झाला. तो घामातले ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम मोजतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका मानसिक आजाराच्या गोळीला मान्यता दिली. तिच्या आत वाळूच्या कणाएवढे यंत्र असते आणि रुग्णाने गोळी घेतली की नाही, हे ते पोटातून कळवते. 2018 मध्ये मिशिगन विद्यापीठाने 0.3 मिलिमीटर लांबी-रुंदीचा संगणक दाखवला. तांदळाच्या दाण्यापुढेही तो ठिपका वाटतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. धुळीएवढे हेर आपल्या वस्तीत उडत आहेत, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. एवढ्याशा यंत्राला वीज कुठून द्यायची आणि त्याचा संदेश किती लांब जाणार, हे पेच अजून सुटलेले नाहीत. करोनाच्या लशीत चिप आहे ही गोष्ट तर निव्वळ थाप होती. आंबेडकरी माणसाने विज्ञानाला भ्यायचे नसते. विज्ञान कोणाच्या हातात आहे, एवढे मात्र विचारायचे असते.

घामाचा पट्टा खेळाडूच्या मनगटावर असेल तर त्याची माहिती खेळाडूकडे आणि त्याच्या डॉक्टरकडे जाते. तोच पट्टा उद्या जीपीएस घड्याळात बसला आणि कंत्राटी कामगाराच्या हातावर आला, तर ती माहिती ठेकेदाराकडे जाईल. कोण लवकर थकतो, कोणाला मधुमेह आहे, कोण पुढच्या वर्षी कामाला निरुपयोगी ठरेल, हे ठेकेदाराला कामगाराच्या आधी कळेल. कारण न सांगता कंत्राटातून नाव गळेल. आजवर व्यवस्थेने आमचा घाम घेतला. उद्या त्या घामात काय आहे हेही ती वाचणार!

आणि हेच तंत्रज्ञान माणसाचा जीव वाचवू शकते, हे पाहिले म्हणजे संताप येतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो आणि आत उतरलेल्या माणसाला वाटते, हवा साफ आहे. त्यानंतर काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. टिन ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड यांच्या अतिसूक्ष्म कणांचे थर वापरून हा वायू अगदी अल्प प्रमाणात असतानाच ओळखणारे सेन्सर शास्त्रज्ञांनी कधीच बनवले आहेत. ते खिशाला लावता येतात, दोरीने मेनहोलमध्ये सोडता येतात. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा 2013 साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे मरणे थांबलेले नाही. कामगार पाच मिनिटे झाडाखाली बसला हे कळण्यासाठी महापालिकेकडे यंत्र आहे. तो ज्या खड्ड्यात उतरतो आहे तिथे मरण आहे, हे कळण्यासाठी मात्र नाही. तिजोरी तीच, टेंडर काढणारा विभागही बहुधा तोच!

पाळत ही आमच्यासाठी नवी गोष्ट नाही. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणारे मूलसुद्धा गुन्हेगार ठरवले. पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमातींना पोलीस पाटलाकडे, ठाण्यावर हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवाना हवा. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. तो कायदा 1952 साली गेला, हजेरीची सवय गेली नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर येते. जीपीएसची हद्द आणि त्या काळचा परवाना यांत फरक असेल तर तो एवढाच की, आता शिपाई लागत नाही.

खासगीपणा हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असे आपल्यातलेही काही शहाणे म्हणतात. त्यांनी 1917 सालचे बडोदे आठवावे. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी तिथे गेले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली, कारण हा माणूस कोण हे त्यांना कळले होते. बाबासाहेबांना सामानासह बाहेर पडावे लागले. आपण कोण हे न सांगण्याचा हक्क आपल्या समाजाला कशासाठी लागतो, हे या प्रसंगाइतके स्पष्ट कशातून कळेल? आजही भाड्याने खोली शोधणारा आपला मुलगा आडनाव आखडते घेतो. सगळी माहिती एकमेकींना जोडलेल्या जगात त्याच्या आधी त्याचे आडनाव, जुना पत्ता आणि जातीचा दाखला घरमालकाच्या मोबाईलवर पोचलेला असेल.

म्हणूनच बाबासाहेबांनी 1947 मध्ये घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीपुढे ठेवलेल्या निवेदनात, म्हणजे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये, माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अकारण झडती घेता येणार नाही, असे कलम घातले होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांचा आक्षेप होता की, यामुळे पोलिसांच्या तपासाला अडचण होईल. शेवटी ते कलम राज्यघटनेत आले नाही. त्याची किंमत देशाने पुढे मोजली. 1962च्या खरक सिंग खटल्यात रात्री घरी येऊन दार ठोठावणारी पोलिसांची पद्धत न्यायालयाने रद्द केली, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मानले नाही. ते मान्य व्हायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मान्य केला आणि गरिबाला खासगीपणाची गरज नसते, हा युक्तिवाद साफ फेटाळला. बाबासाहेबांनी लिहून दिल्यावर 70 वर्षांनी!

निकाल चांगला, कायदा मात्र कसा आला पाहा. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये, नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरण्याची मुभा दिली आहे. कलम 17 प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळू शकते. आणि याच कायद्याने माहिती अधिकारातले कलम बदलले. पूर्वी सार्वजनिक हित दाखवले तर अधिकाऱ्याची माहिती मिळण्याची वाट त्या कलमातच होती, आता वैयक्तिक माहिती म्हटले की सरसकट नकार देता येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले तेव्हा हा बदल तत्काळ लागू झाला. नागरिकाला संरक्षण देणारी मुख्य कलमे पुढच्या टप्प्यात ठेवली. म्हणजे कामगाराचे मनगट उघडे आणि साहेबाची फाईल झाकलेली.

माणसाच्या यंत्रात शिरून काय करता येते याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून कागदपत्रे घुसवली गेली, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने 2021 मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पेगाससने ज्यांचे फोन लक्ष्य केले अशा लोकांना 2019 मध्ये सूचना आल्या, त्यांत आनंद तेलतुंबडे यांचे नाव होते. बाबासाहेबांच्या नातजावयाचा फोन सुरक्षित नाही, तिथे वॉर्डातल्या कार्यकर्त्याची काय कथा?

याचा अर्थ कॅमेरे फोडा असा नाही. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार फुटतात, तेव्हा चित्रीकरणच कामी येते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15-अ मध्ये कामकाजाच्या चित्रीकरणाची तरतूद आहे. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्येच बजावले आहे. आपल्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, हे किती जणांनी जाऊन पाहिले?

सफाई कामगारांच्या संघटनांनी घड्याळाचा प्रश्न केवळ पगारकपातीपुरता लढू नये. घड्याळाने जमवलेली माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, किती दिवस ठेवली जाते, कामगाराला स्वतःची नोंद पाहायला मिळते की नाही, कामाची वेळ संपल्यावर यंत्र बंद होते की नाही, हे लेखी मागावे. शरीरातले काही मोजणारे यंत्र कामगाराच्या आणि संघटनेच्या संमतीशिवाय येणार नाही, हे करारात आजच लिहून घ्यावे. यंत्र दिसेनासे झाल्यावर ते मागता येणार नाही. आणि महापालिकेचे पुढचे टेंडर निघेल तेव्हा आपल्या नगरसेवकाने आधी एवढेच मोजावे की, त्यात मनगटासाठी किती यंत्रे आहेत आणि मेनहोलसाठी किती.